रतीब बंद

वसुबारसेला आमच्याकडचं दूध कुणी घेत नाही.
आदल्या रात्रीच निरोप येतात :
उद्या नको हं, इरण्णा. उद्या तिचं तिला.
किटल्या पालथ्या,
आणि बाळीवेशीमागच्या माझ्या गोठ्यात
सकाळपासून ताटं, निरांजनं,
केळीच्या पानावर उडदाचे वडे.

पूजेला गाय लागते वासरासकट.
नुसती चालत नाही.
म्हणून शंभर रुपये रोजानं
शेळगीच्या मल्लव्वाची कालवड आणून
शेवंतीशेजारी बांधलीय.
शेवंती तिला हुंगतसुद्धा नाही.
मान वळवून भिंतीकडं बघते.

"अगदी आईवर गेलीय हो,"
मोहोळकर वहिनी म्हणतात.
आई काळीपांढरी, ही तांबडी.
मी म्हणतो, हो. आईवरच.
ताटात अकरा रुपये पडतात.

तिचा स्वतःचा गोऱ्हा होता.
भादव्यात झाला. कपाळावर चवलीएवढा ठिपका.
संकरित गोऱ्हा : वशिंड नाही,
म्हणजे जू टेकायला जागा नाही.
सिद्धेश्वराच्या बाजारात उभा करावा
तर खिलारवाले हसतात.
विकायचा तर कायदा आहे,
पाळायचा तर दिवसाला चार लिटर.
चार लिटर म्हणजे कन्ना चौकातली तीन घरं.
गोशाळेत फोन केला. म्हणाले, जागा नाही,
चाऱ्याचं महिन्याला काही लिहून देता का?
बाराव्या रात्री मी त्याला टेम्पोत घातलं आणि
देगावच्या पुढं

बायकोलाही एवढंच सांगितलंय.
देगावच्या पुढं.

चार दिवस शेवंती हंबरली.
पाचव्या दिवसापासून दूध चोरायला लागली.
तेव्हापासून सुई, दोन्ही वेळा.
बिनलेबलाची बाटली, निळं झाकण.
टोचली की पान्हा येतो, हुकमी.
तिचे डोळे तेव्हा कुठंच बघत नसतात.

दुपारी चौकातली पोरं आली, गळ्यात भगवी उपरणी.
मागच्या महिन्यात यांनीच होटगी रोडला गाडी अडवली,
सात जनावरं उतरवली,
रात्रभर बादल्यांनी पाणी पाजत बसली.
खोटं का बोलू, मनापासून पाजलं.
त्यातला अमोघ शेवंतीच्या पुठ्ठ्याला
डोकं टेकून उभा राहिला बराच वेळ.
"मामा, हिला काही कमी पडू देऊ नका."
बाटली खिडकीच्या फळीवर होती.
त्याला दिसली असेल.
नसेलही.

दिवेलागणीला शेवटचं ताट गेलं.
धार काढावी तर दूध ओतायचं कुठं,
न काढावी तर सड तटतटलेले.
म्हटलं, पैसे तर दिलेतच.
कालवडीचं दावं सोडलं.
शेवंतीनं लाथ झाडली.
दुसरी अर्ध्यात थांबली.
मग कालवडीच्या कपाळावरचं कुंकू चाटायला लागली.
कुंकू, मग हळद, मग कान, मान, पाठ.
दिवसभरातले सगळे हात चाटून काढले,
मल्लव्वाचा गोठासुद्धा.
आणि पान्हा आला.
मला कसा कळला?
कालवडीच्या शेपटीवरून कळला,
आणि घशातल्या आवाजावरून,
आधी चुटूचुटू, मग एकाएकी घट घट घट.
सुई माझ्या खिशातच होती.
हात लावला तर गरम लागली, अंगाला लागून.

नऊला मल्लव्वा आली.
कालवडीचं पोट बघितलं. तुडुंब.
"पाजलास काय बे तिला?
सवय लावतो व्हय? उद्या माझ्या गाईला
सोडंना झाली तर गिऱ्हाईकाला काय घालू मी?"
शंभराची नोट दिव्याकडं धरून बघितली,
पोलक्यात घातली, आणि कालवड ओढत निघाली.
कालवड दोनदा मागं वळली.
म्हणजे दावंच तसं ओढलं जात होतं, कदाचित.

रात्री शेवंती हंबरायला लागली.
बायको कूस बदलून म्हणाली, आता हे किती दिवस?
मी उत्तर दिलं नाही.
साडेचारला उठायचं होतं. रतीब चालू.
मोहोळकर वहिनींचा निरोप होताच :
दिवाळीचं आहे, बासुंदी करायचीय,
अर्धा लिटर वाढवा.